केळशीकरांची हद्दपारी

इथे परदेशात, टॅम्पिनीसला, आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत महिन्यातल्या एका रविवारी अकरा मराठी कुटुंबं जमत, आणि जो उशिरा येई त्याच्या शर्टावर लाल पट्टा उमटे. कारण दोन खांबांच्या मधे केळशीकरकाका कुंकवाच्या पाण्यात भिजवलेली दोरी घेऊन उभे असत. प्राचीन अथेन्समध्ये सभेला टाळाटाळ करणाऱ्या नागरिकांना अशीच रंगवलेली दोरी धरून हाकत आणत, असं ते सांगत. माझे तीन शर्ट त्यात गेले.

केळशीकर निवृत्त मरीन इंजिनियर. तरुणपणी त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी अथेन्सच्या बंदरात सात आठवडे अडकलं. काकू सोबत होत्या. दोघांनी ते सात आठवडे पडक्या खांबांमधून हिंडून काढले. तेव्हापासून जगातला प्रत्येक प्रश्न काकांच्या लेखी अडीच हजार वर्षांपूर्वीच सुटलेला होता.

आमच्या मंडळात निवडणूक नव्हती. "निवडणुकीत गोड बोलणारा येतो. अथेन्सात असं चालत नसे," असं म्हणून काका गणपतीची कामं चिठ्ठ्या टाकून वाटत. एका वर्षी मोदक माझ्या नावावर निघाले. मी रॅफल्स प्लेसच्या बँकेत आकडे बघणारा माणूस. एकशे वीस मोदक वळले, त्यांतले एकतीस उभे राहिले.

"लोकशाही आहे आपटे, चालायचंच," काका आडवा झालेला मोदक तोंडात टाकत म्हणाले.

भाषणाला पाणघड्याळ होतं. बुडाला भोक पाडलेला बिस्किटांचा डबा. मी वेळ लावून पाहिली होती, पाच मिनिटं चाळीस सेकंद. पाणी संपलं की बोलणं बंद. माझी मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणायची, "काका व्हेरी फियर्स, लाह." पण तिच्या शाळेच्या भाषणाची तयारी ती त्याच डब्यासमोर करी.

मोजणीला मात्र चिठ्ठी नव्हती. काका म्हणत, "मोजायचं आपट्यांनीच. हा माणूस स्वतःच्या बापालाही एक मत जास्त देणार नाही."

काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी मेलबर्नच्या मुलाने काकांना कायमचं बोलावून घेतलं. फ्लॅट विकायला निघाला. आम्ही निरोप समारंभ ठरवला, तर काका म्हणाले, "समारंभ नको. मला हद्दपार करा."

"अहो, काय बोलताय?" शेजारच्या देशपांडेवहिनी म्हणाल्या.

"रीतसर सांगतोय. निरोप घेऊन गेलेल्याची खुर्ची पुढच्या रविवारी भरते. अथेन्सात हद्दपार झालेल्याचं तसं नसे. खापरावर नाव लिहून लोक त्याला दहा वर्षं बाहेर पाठवत. पण घर त्याचंच, मानही तसाच, आणि दहा वर्षांनी परत यायचा हक्क. हक्क बरं का, वहिनी." मग त्यांनी फुटक्या कुंड्यांचे धुतलेले तुकडे पिशवीतून काढले. "सव्वीस मतदार. किमान वीस मतं लागतील. लिहा."

सगळे मान खाली घालून लिहीत होते. बादली माझ्यासमोर आली. मी नेहमीप्रमाणे दोनदा मोजलं.

कोरी खापरं अकरा. 'लिफ्ट' सात, कारण ती आमच्या मजल्यावर थांबत नसे. 'लाल दोरी' चार. 'आपट्यांचे मोदक' तीन. आणि 'केळशीकर' एक. ते अक्षर मी ओळखलं. इंजिनच्या नकाशावर असतं तसं, सरळ आणि ठसठशीत.

कोणाचाही हात त्यांचं नाव लिहायला धजला नव्हता. आणि तिकडे काका डब्यातलं पाणी संपल्यावरही डब्याकडेच बघत बसले होते.

"केळशीकर," मी म्हणालो, "बावीस."

देशपांडेवहिनी उसळल्या, "बावीस? कोणी लिहिलं? लाज नाही वाटली?" जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागला. खापरं दाखवा असं मात्र कोणी म्हणालं नाही. मोजणी माझी होती.

काका उठले. चष्मा पुसला. "दहा वर्षं," ते म्हणाले, "कायदा म्हणजे कायदा." आपली घडीची खुर्ची मिटून त्यांनी माझ्या हातात दिली.

ती आमच्या स्टोअररूममध्ये आहे. परवा बायकोने विचारलं, "ही देऊन टाकू का? जागा अडते."

"अजून चार वर्षं दोन महिने," मी म्हणालो.