बाविसास बावीस

कोल ब्रँडवोल्ड सहा फूट पाच इंच उंच होता आणि त्याच्या दाढीत एखादं चिमणीचं कुटुंब सुखाने नांदलं असतं.

आर्लीन टोलेफसनबाईंचा टर्की पक्ष्याच्या मांसाचा कारखाना. बाईंच्या तोंडून ‘साधारण’ हा शब्द आजवर कुणी ऐकलेला नाही.

यंदा जाहिरातीच्या करारात कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे मुख्य खेळाडूला, पिकअप ट्रक मिळाला. महिला बास्केटबॉल संघाला पिझ्झाची कूपनं मिळाली. मुदत संपलेली.

हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटा-खिम्याचं, भांडं हातात घेतल्याशिवाय मिनेसोटात कुणी कुणाकडे जात नाही. मयताला तर नाहीच नाही.

“आमच्याकडे बाई-पुरुष समान. बाविसास बावीस. मोजून घ्या.”

हे शेवटचं वाक्य लाइल नूडसनचं, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. लाइल म्हणजे माळरानावरच्या एका छोट्या कॉलेजचा क्रीडासंचालक. कॉलेजच्या अध्यक्षीणबाईंनी त्याला बोलावून शांतपणे सांगितलं होतं, “मुलींना यंदा खरा करार मिळवून दे. नाही जमलं तर हायस्कूलमध्ये ड्रायव्हिंग शिकवायची तुझी जुनी जागा रिकामी आहे.” ती नोकरी लाइलने अकरा वर्षं केली होती. अजूनही झोपेत त्याचा उजवा पाय ब्रेक दाबायचा.

म्हणून तो टोलेफसनबाईंकडे गेला. बाई स्वतः याच कॉलेजात खेळलेल्या. त्या काळी मुलींचा गणवेश मुलीच शिवायच्या, वसतिगृहाच्या जुन्या पडद्यांतून.

“मुलांच्या बास्केटबॉल संघात किती जण?” बाईंनी विचारलं.

“बावीस.”

“मुलींच्या संघातही बावीस असतील तर माझ्या टर्कीच्या जाहिरातीसाठी प्रत्येकीला मुलांइतकंच मानधन देईन. एकही कमी भरली तर काही नाही.”

त्यावर लाइल ते वाक्य बोलला. छाती पुढे काढून बोलला.

बाहेर आल्यावर सोबत आलेली मुलींची कोच रोंडा पेट्राक म्हणाली, “आणि ते सात?”

“कोणते सात?”

“ज्यांना दाढ्या आहेत ते.”

आता यात लाइलचा गुन्हा नव्हता. मुलींना तगडा सराव मिळावा म्हणून त्यांच्याविरुद्ध खेळायला मुलगे ठेवतात. सगळीच कॉलेजं ठेवतात. आणि सरकारी मोजणीत हे मुलगे मुलींच्या रकान्यात धरतात. नियमच तसा आहे. लाइलने तो केला नव्हता, फक्त त्याला घट्ट मिठी मारली होती. पंधरा मुली अधिक सात मुलगे, बरोबर बावीस मुली.

“बाई शनिवारी सगळ्यांना भेटायला येतायत,” रोंडा म्हणाली. “जॅकेटं घेऊन.”

“पंधरा येतील. सात जणींना फ्लू झालाय.”

बेत ठीक होता. पण शुक्रवारी लाइलने निरोप धाडला तो ‘महिला बास्केटबॉल संघ, सर्वांसाठी’ असा. सर्वांत सगळे आले. खाली त्यानेच दरडावलं होतं : गैरहजर राहील त्याला संघातून काढण्यात येईल.

शनिवारी दुपारी जिममध्ये पंधरा मुली रांगेत उभ्या होत्या. बाईंनी लाइलकडून सात फ्लू ऐकून घेतले, “अरे अरे” म्हणाल्या, आणि तेवढ्यात दार उघडलं. इस्त्रीचे शर्ट घातलेले सात मुलगे आत आले. सर्वांत पुढे कोल, हातात वाफाळता हॉटडिश.

“हे कोण?” बाईंनी विचारलं.

“भाऊ,” लाइल म्हणाला. “खेळाडूंचे भाऊ. कौतुकाने आलेत.”

बाईंनी कोलकडे पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या कर्णधार होदान वारसामेकडे पाहिलं. होदानचे आईवडील सोमालियाचे. कोल लोण्यासारखा गोरा.

“हा तुझा भाऊ?”

“आईकडे चौकशी करावी लागेल,” होदान म्हणाली.

“नाही, मॅडम,” कोल म्हणाला. त्याच्या सात पिढ्यांत कुणी खोटं बोललं नव्हतं आणि त्याचा घरच्यांना खूप त्रास झाला होता. “मी संघात आहे. मोजणीपुरता.”

“मोजणीपुरता काय?”

“मुलगी, मॅडम.”

बाईंनी खोक्यातून एक जॅकेट काढलं. बायकी बेताचं, कमरेत घेतलेलं. “मग घाल.”

कोलने घातलं. बाह्या कोपरापाशी संपल्या, जॅकेट बरगड्यांपाशी. पाठोपाठ बाकीच्या सहांनीही घातली, कारण मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्यांना घरी शिकवलेलं नव्हतं. तिसऱ्याची शिवण उसवल्याचा आवाज तर पार वरच्या बाकांपर्यंत गेला.

“आम्हाला मिळायचं ते मानधन आता यांनाही मिळणार का?” होदानने विचारलं. “कारण असं असेल तर दाढी वाढवायला मीही तयार आहे.”

“गप गं,” रोंडा म्हणाली, पण जोर न लावता.

“लाइल,” बाई म्हणाल्या, “चर्चच्या संडे स्कूलमध्ये मी तुला शिकवलंय. मेंढरं मोजायला सांगितली की तू मेंढपाळही मोजायचास.”

“नियमात बसतं, बाई.”

“हा जॅकेटात बसतो तसं.”

लाइलचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. काहीच थांबलं नाही.

बाईंनी कराराचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. “मुलांनो, जॅकेटं काढा. हॉटडिश राहू द्या. आणि लाइल, माझा शब्द कायम आहे. पंधरा आहेत, सात आण. खऱ्या. सोमवारपर्यंत.”

“दोन दिवसांत?” लाइलचा आवाज चिरकला. “बास्केटबॉल येणाऱ्या सात मुली मी आणू कुठून? कुणी यायलाच तयार नसतं!”

रोंडा ताटली घेऊन हॉटडिशकडे गेली.

सप्टेंबरच्या बास्केटबॉल निवडचाचणीत एकतीस मुलींना, जागा नाही म्हणून, परत पाठवलं होतं.