साहेबाच्या चौदा काठ्या

हौसराव कोळप्यांचं एक वाक्य साऱ्या वडगाव रासाईला पाठ होतं. "ह्या पायांनी मेंढरामागं एक पाऊल टाकल्यालं न्हाई!" कुणी विचारो न विचारो, हौसराव पँट वर ओढून पाय दाखवणार आणि हे ऐकवणार! बाप, आजा, पणजा सगळे मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत चालले. पण हौसराव दहावी पास! शिरूरकडच्या एका कारखान्यात लॉनवर माळी. खाकी गणवेश, छातीवर नावाची पट्टी, दुपारी कँटीनचा चहा. एवढं सगळं होतं, फक्त गडी सहा वर्षं टेंपररी होता. दर वेळी ब्रेक देऊन घरी बसवलं की बायको, धुरपदा, विचारायची, "अवो, औंदा तरी परमनंट व्हताय का?" आणि हौसराव पायाकडं बघत बसायचा.

नव्व्याण्णव सालची दिवाळी झाली आणि पर्सोनेलच्या बापूसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. आता बापूसाहेब बोलावतात ते झापायलाच, हे कारखान्यातलं कुत्रंसुद्धा सांगेल. पण त्या दिवशी चक्क खुर्ची दिली!

"हौसराव, डंकनसाहेब लॉनवर बॉल मारतात तेव्हा गोळा कोण करतं?"

"मीच की साहेब."

डंकनसाहेब म्हणजे कारखान्याचे मोठे साहेब, स्कॉटलंडचे. त्यांच्या पिशवीत गोल्फच्या काठ्या किती, हे हौसरावानं मोजलं होतं. चौदा! एका बॉलला मारायला चौदा काठ्या! ते बघून त्याची आठवडाभर झोप उडाली होती.

"मग ऐक. कोकणात एका शेठनं समुद्राच्या काठाला गोल्फचं मैदान केलंय. वाळूवरचं, वाऱ्यातलं. लिंक्स म्हणतात त्याला. साहेबाच्या गावाकडं असंच असतं म्हणे. शनिवारी साहेब सात पाहुणे घेऊन खेळायला जाणार. तू आधी जा, गवतापासून जेवणापर्यंत सगळं बघून ठेव. नीट पार पडलं तर परमनंटची ऑर्डर मी माझ्या हातानं देतो!"

"आन् न्हाई पडलं तर?"

"तर जा मेंढरं राखायला!"

हौसराव तरंगतच घरी आला. ओसरीवर आबा, म्हणजे त्याचे वडील, घोंगडीवर बसले होते. कोकण म्हटल्यावर म्हातारा ताडकन उठला.

"मीबी येतो!"

"आबा, ही साहेबाची सहल हाय!"

"आसंना. माणसं हलायच्या आदी म्हाताऱ्यानं पुढं जाऊन गवात-पानी बघायचं आसतं. बघितल्याबिगर आपला तळ कवा हलला न्हाई, आन् साहेबाचा हलवतोस व्हय रं?"

धुरपदानं दोन भाकरी जास्तीच्या बांधल्या. म्हणजे निकाल लागलाच.

मंगळवारी दुपारी दोघं एसटीतून उतरले, एक टेकाड चढले आणि जागच्या जागी थांबले. काय ते दिसलं महाराजा! खाली समुद्र. आणि समुद्राला लागून कोसभर नुसतं हिरवं! बांध नाही, विहीर नाही, औत नाही. वाऱ्यानं गवत एका बाजूला लवायचं आणि पलीकडं पाणी लवायचं. हौसरावानं टोपी काढली. का काढली ते त्यालाही कळलं नाही. आबांच्या डोळ्यांना तर धारच लागली.

"उभ्या जन्मात आसं चराऊ रान बघितलं न्हाई रं. आन् मालक ह्यात करतो काय?"

"बॉल मारत्यात, आबा."

"आन् मग चारतो काय?"

"काय न्हाई."

आबांना हे काही केल्या पटेना.

पण मैदानाच्या मॅनेजरनं दोघांना बघताच कपाळावर हात मारला. गवत कापायची मशीन पंधरा दिवस बंद! मुंबईचा मेस्त्री आज येतो, उद्या येतो. आणि गवत गुडघ्याला! त्यात बॉल काय, साहेबसुद्धा हरवला असता. हौसरावाच्या डोळ्यांपुढून परमनंटची ऑर्डर फडफडत समुद्राकडं निघाली.

आबा मात्र शांत. "मशीन ना? तीनशे मशिनी दोन कोसावर हुब्या हायत."

आबांचा भाचा शंभू दरसालासारखा मेंढरं घेऊन कोकणात उतरला होता! हौसरावाचं तोंड एवढंसं झालं. पण इलाज काय? मॅनेजर तर पाया पडायच्या बेतात होता. "एक अट हाय, आबा," हौसराव हळूच म्हणाला. "शुक्करवारी सांजच्याला समदी मेंढरं भायेर. साहेबाला कळता कामा न्हाई. माझी इज्जत जाईल!"

तीन दिवस तीनशे तोंडं चालली. हौसराव स्वैपाकी शोधत, खोल्या झाडून घेत, बाजार भरत गावात फिरत होता. शनिवारी उजाडता मैदानावर आला आणि बघतच राहिला. मखमल! एक पातं वर नाही, एक पातं खाली नाही. वर्षानुवर्षं मशीन चालवून त्याला जे जमलं नव्हतं ते! मेंढरांपुढं हात जोडावेत असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. एवढ्यात त्याची नजर बॉल घालायच्या भोकात रोवलेल्या झेंड्याकडं गेली. झेंड्याभोवतीच्या गोल हिरवळीवर काळ्याभोर लेंड्यांचा सडा!

"आबा! हितं मेंढरं कुणी बसवली?"

"मी. रातचं शेतात मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत मिळतं. कुठं बसवायची ते मालक दावतो. हितल्या मालकानं तर झ्येंडं लावून जागा दावल्यात! आठरा झ्येंडं, तीन राती. रोज सा झ्येंडं उरकलं. एकबी सोडला न्हाई!"

हौसराव खराटा घेऊन धावला. मॅनेजर धावला, शंभू धावला, स्वैपाकीसुद्धा धावला! साहेबाची गाडी फाटकात शिरली तेव्हा अठराव्या झेंड्याची शेवटची लेंडी उडाली.

डंकनसाहेब उतरले, मागनं पाहुणे आणि बापूसाहेब. समोर बघितलं आणि त्यांनीही टोपी काढली. मग साहेब कारखान्यातल्या हिंदीत म्हणाले, "हौसराव, ये मेरा गाव है!" बापूसाहेबांनी हौसरावाच्या पाठीवर थाप मारली. समुद्राकडं निघालेली ऑर्डर परत फिरली!

पहिल्याच झेंड्याशी साहेबांनी बॉल हळूच ढकलला. बॉल सरळ भोकावर गेला आणि भोकावरच थांबला. आत काही पडेना! हिरवळ झाडली होती, भोकं झाडायची राहिली होती!

साहेब वाकले. भोकात हात घातला आणि मूठभर लेंड्या बाहेर काढल्या. बापूसाहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. आता संपलं! हौसरावानं डोळे मिटले.

"शीप?" साहेबांनी विचारलं.

आबा ऐटीत पुढं झाले. "व्हय साहेब, मेंढरं! तीनशे! आमच्याच भाच्याची!"

साहेबांनी लेंड्या नाकाशी नेल्या आणि मोठ्यांदा हसले. हसता हसता डोळे पुसले. मग बापूसाहेबांना इंग्रजीत कितीतरी सांगत राहिले आणि बापूसाहेब ते आबांना मराठीत सांगत गेले. त्यांचा आजा समुद्राकाठी मेंढरं राखायचा. त्या मेंढरांनी चरलेल्या गवतावरच तिकडची माणसं बॉल मारायची. मशीन तर मागनं आली! साहेबांनी आबांचा हात दोन्ही हातांत धरला. आबा समुद्राकडं बघत राहिले.

"म्हंजी पल्याडबी आपलीच माणसं हायत का रं, हौसा?"

हौसरावानं परत टोपी काढली.

पंधरा दिवसांत ऑर्डर आली. बापूसाहेबांनी कबूल केल्याप्रमाणं स्वतःच्या हातानं दिली, पण देताना तोंड रुमालात होतं. घरी धुरपदा तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून पेढे घेऊन वाटच बघत होती.

"वाचा की! परमनंट हाय ना?"

"हाय."

"मग आसं तोंड का केलंया?"

हौसरावानं वाचलं. डंकनसाहेबांच्या हुकुमावरून कारखान्यानं लॉनची मशीन विकून चाळीस मेंढरं घेतली होती. श्री. हौसराव कोळपे यांची सोमवारपासून कायम नेमणूक. पद, मेंढपाळ.

धुरपदानं तोंडाला पदर लावला. आबा उठले, आढ्याला खोचलेली आपली जुनी काठी काढली आणि लेकाच्या हातात दिली.

"साहेबाला चौदा लागत्यात. तुला येकच पुरं."