आण्णा कंडक्टर का बसत नसत

महादूआण्णा कंडक्टर बसत नसत. बसत नसत म्हणजे कुठेच बसत नसत. आमच्या मंगळवार पेठेत हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं, पण नव्या माणसाची पंचाईत व्हायची. तो बिचारा खुर्ची पुढे करायचा आणि आण्णा त्या खुर्चीभोवतीच फेऱ्या मारू लागायचे.

"बसा की."

"नगं, पावणं. गाडी चालू ऱ्हाऊं द्या."

पेपर ते चालत वाचत. पेपर माझा, त्यामुळे मलाही त्यांच्या मागून फिरत मागचं पान वाचावं लागे. गल्लीतल्या न्हाव्याने एकदा वस्तरा घेऊन दुकानात त्यांच्यामागे चार फेऱ्या मारल्या आणि हात जोडले. "आण्णा, एक तर तुमी थांबा, न्हायतर दाढी हितं ठेवून जावा." माझ्या पुतणीच्या लग्नात तर पंगत बसल्यावर हे पत्रावळ हातात घेऊन ओळींमधून फिरत जेवू लागले. लोकांना वाटलं, वाढपी आहे. व्याह्यांकडच्या एका गृहस्थांनी त्यांच्याच पानातल्या दोन जिलब्या मागून घेतल्या. आण्णांनी वाढल्याही, वर आग्रह केला.

ही गोष्ट आपल्या कोल्हापुरात हृदय पडद्यावर दाखवणारं यंत्र नवंनवं आलं तेव्हाची. आण्णा एस.टी.तून रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. छातीत धडधडतंय म्हणाले, म्हणून मीच त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता, मुंबईहून शिकून आलेला. त्याने आण्णांच्या छातीवर थंडगार मलम फासलं, एक दांडकं टेकवलं आणि समोर करड्या रंगात काहीतरी फडफडू लागलं.

डॉक्टरने नीट समजावलं. हृदयाचा वरचा कप्पा आवळायचं सोडून नुसता थरथरतोय. त्यामुळे तिथलं रक्त पुढे सरकत नाही, रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं रक्त गोठतं. आत शेंगदाण्याएवढी गुठळी दिसतेच आहे. ती सुटून मेंदूत गेली तर झटका येईल. रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्या, रक्त वेळच्या वेळी तपासा, सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

बाहेर आल्यावर आण्णांनी ते मला त्यांच्या भाषेत समजावलं. "मास्तर, वरच्या कप्प्यात पॅसेंजर पेंगाय लागल्यात. गाडी हुबी ऱ्हायली की पॅसेंजर पेंगतोय, ह्यो माझा तीस वर्साचा अनुभव. त्यातला एक जर भलत्या स्टापावर उतरला, तर खेळ खलास. तवा गाडी थांबवायची न्हाय."

त्या दिवसापासून ते बसले नाहीत. डॉक्टरने परोपरीने सांगितलं की रक्त रेंगाळतं ते हृदयात, त्याचा पायांशी काही संबंध नाही. आण्णा फेऱ्या मारत मान डोलवायचे. गोळ्या मात्र घड्याळ लावून घेत. पालेभाजी रोज सारखीच खा, एक दिवस नाही आणि एक दिवस ढीगभर असं करू नका, असंही डॉक्टर म्हणाला होता. तेव्हापासून मंडईतल्या बाई त्यांच्यासाठी पोकळ्याची ठरावीक जुडी बाजूला काढून ठेवत.

मला या सगळ्याची गंमत वाटे, आणि एकदा मी ती बोलून दाखवली. संध्याकाळी त्यांच्या अंगणात आम्ही फेऱ्या मारत होतो. मी म्हणालो, "आण्णा, मरणाला एवढं भिता होय?"

ते थांबले नाहीत, पण आवाज खाली आणला. "मरनाला कोन भितंय? मेलो तर सुटलो. झटक्याला भितो मी."

दारातून आतली खाट दिसत होती. खाटेवर त्यांच्या मंडळी, शेवंताक्का. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकलेलं सगळं कळायचं, पण तोंडातून एक अक्षर फुटत नसे. मूलबाळ नव्हतं. आण्णाच त्यांचं न्हाणंधुणं, वेणीफणी करत.

"तीस वर्सं मी मुक्कामी गाडीवर," आण्णा म्हणाले. "आज राधानगरी, उद्या गगनबावडा. एकाड एक रात्री घरी. ही बिचारी दोन दिसाचं साठवून ठेवायची, म्हैस कुनाची याली, कोन काय म्हनालं. मी व्हय व्हय म्हनत घोराय लागायचो. म्हनलं, रिटायर झालो की बसून ऐकू. आन् रिटायर झालो, तर वरसाच्या आत हिचं तोंड बंद. आता ह्या घरात बोलनारं येकच तोंड उरलंय, मास्तर. झटक्यानं ते बी गेलं, तर ती कुनाचं ऐकत पडायची?"

मी त्यांच्याबरोबर चालत राहिलो.

सहा महिन्यांनी गुठळी विरघळली होती. गोळ्यांनी, असं डॉक्टर म्हणाला. पायांनी, असं आण्णा म्हणाले. मग त्यांनी शर्टाची बटणं लावत सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या मंडळींचं बी बगता का?" डॉक्टर म्हणाला, बघायलाच हवं, घेऊन या.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेवंताक्कांना रिक्षातून नेलं. नर्सने त्यांना कुशीवर वळवलं. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग रक्ताचा प्रवाह बघायचाय म्हणून त्याने कसलंसं बटण फिरवलं आणि खोलीत एकदम आवाज सुरू झाला. ओलं लुगडं धुण्याच्या दगडावर आपटावं तसा. सप्प. सप्प सप्प. मध्येच थबकून पुन्हा सप्प.

घरातून निघाल्यापासून आण्णांचं तोंड एकसारखं चालू होतं. ते मिटलं.

"ह्यो कशाचा आवाज?"

"यांच्या हृदयातला आहे, आण्णा. रक्त वाहतंय त्याचा."

"म्हंजे हिचाच."

"हो, त्यांचाच."

डॉक्टरचं बघून झालं होतं. बाहेर पेशंटांची रांग होती. त्याने बटणाकडे हात नेला, तेव्हा आण्णा घाईने म्हणाले, "ऱ्हाऊं द्या की जरा." डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

शेवंताक्का टक लावून नवऱ्याकडे बघत होत्या. आण्णांनी वाकून त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"बोल," ते म्हणाले. "जागा हाय मी."