बंब, तांब्याचा, नग एक, तोटीसह

सन १९६४च्या जानेवारीत, अरबांच्या मुलखात, देरा बंदरातल्या आमच्या गल्लीने स्वावलंबी होण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. गल्ली म्हणजे खजुरीच्या झावळ्यांची सव्वीस घरं, सगळी रत्नागिरीकडच्या आपल्या माणसांची. असल्या घराला इथे बरस्ती म्हणतात. गावी आम्ही गोठ्यालासुद्धा यापेक्षा बरं छप्पर घालतो, पण परदेशात राहायचं म्हटलं की माणसाला थोडं सोसावं लागतं. आदल्या महिन्यात एका चुलीची ठिणगी उडाली आणि मरियमबीचं घर अर्ध्या तासात राख झालं. सरकारी मदत यायला वेळ लागतो, तेव्हा आपली मदत आपणच करावी, या उदात्त हेतूने 'आपत्कालीन स्वावलंबन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष कापडवाले रफिकभाई. सेक्रेटरी मी, हमदुल्ला, कारण एका इंग्रज कंपनीत मी टायपिंग करत असे आणि गल्लीत कार्बन पेपर फक्त माझ्याकडे होता.

पहिल्या मीटिंगला मरियमबीला खास बोलावलं होतं. आपद्‌ग्रस्त म्हणून तिचे दोन शब्द घ्यावेत, अशी पद्धत असते. ती विधवा बाई, हाताने चालवायच्या शिलाई मशीनवर अर्ध्या बाजाराचे कंदुरे, म्हणजे अरबांचे पायघोळ झगे, शिवून पोट भरायची. आग लागली तेव्हा घरातलं बाकी काहीही न घेता ती मशीन डोक्यावर घेऊन बाहेर पडली होती.

"मला काय भाषण येत नाही," ती म्हणाली. "घर गेलं तर झावळ्या पुन्हा मिळतात. मशीन गेली तर मी गेले. तुम्ही एवढंच करा. घासलेटचे रिकामे डबे बाजारात पडलेत. आठ दारांत आठ डबे ठेवा, चारांत वाळू, चारांत विहिरीचं खारं पाणी. खलास."

डबे ठेवायचे तर मग समिती कशाला, हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

"खाला, सजेशन चांगलं आहे," रफिकभाई म्हणाले, "आम्ही नोट करून घेतो."

मी नोट करून घेतलं.

मग मुनीर उठला. मुनीर तेल कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होता आणि त्याला बंदुकीची फार हौस होती. "प्रॉब्लेम आगीचा नाही, प्रॉब्लेम रिस्पेक्टचा आहे," तो म्हणाला. "इथे प्रत्येक घरात बंदूक आहे. आपल्या घरात काय आहे? छत्री. तीही पाऊस न पडणाऱ्या मुलखात. इमर्जन्सी आली तर आपण काय, छत्री उघडणार?"

बंदुकीने आग कशी विझते, असं मी विचारलं. तो म्हणाला, सूचना देता येते. बार काढला की सगळी गल्ली जागी. यावर बराच खल झाला आणि अखेर मध्यममार्ग निघाला. आधी बंब, बंदुकीचं नंतर बघू. रत्नागिरीला कुणाच्या तरी ओळखीने मोडीत निघालेला, हातपंपाचा आगीचा बंब मिळेल आणि यूनुस तांडेलाच्या गलबतातून तो इथे येईल, असं ठरलं. तार मी केली. तारेत शब्दाला पैसे पडतात म्हणून 'आगीचा' हा शब्द मी गाळला. बंब हा आगीचाच असतो, हे काय सांगायचं?

फेब्रुवारीच्या शेवटी यूनुस तांडेलाचं गलबत खाडीत शिरलं. त्याच्यावर बंब होता. आंघोळीचं पाणी तापवायचा. तांब्याचा, नवाकोरा, कमरेएवढा उंच, मधे नळकांडं, खाली जाळी, पुढे पितळेची तोटी. सोबत दोन पोती करवंट्या आणि गावकऱ्यांचं पत्र, 'तिकडे थंडी फार पडलेली दिसते. म्हाताऱ्या माणसांना सांभाळा. करवंट्या संपल्या की कळवा.'

इथपर्यंत चूक आमच्या घरातली होती. ती चव्हाट्यावर आली जकातीच्या टेबलावर. यूनुस तांडेल सच्चा माणूस. समुद्रावर तो कुणाला भ्यायला नाही आणि टेबलापुढे कधी खोटं बोलला नाही. कारकुनाने विचारलं, "इसमें क्या है?"

"बंब."

"बम?"

"हां जी, बंब. तांबे का."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "इसका क्या करते हैं?"

"अंदर आग डालते हैं."

"फिर?"

"फिर आधे घंटे में तैयार."

कारकून उठून उभा राहिला आणि दोन पावलं मागे सरकला. "और ये किसके लिए मँगाया?"

"हमारे बुजुर्ग लोगों के लिए," यूनुस म्हणाला.

मी निरोप मिळताच धावलो. तोवर कारकुनाची भीती गेली होती, कारण त्याने बंब वाजवून पाहिला होता. माणूस समजूतदार होता. पण रजिस्टरमध्ये 'बॉम्ब' अशी नोंद झाली होती आणि नोंद समजूतदार नसते. तो म्हणाला, "हबीबी, दुरुस्ती करायची तर अर्ज द्या. अर्जाला बनवणाऱ्याचं सर्टिफिकेट लावा, की ही वस्तू बॉम्ब नाही. शिवाय खोटं डिक्लेरेशन दिल्याचा खुलासा." रत्नागिरीचा तांबट असं सर्टिफिकेट देणार नाही असं नाही, पण गलबत परत जाऊन यायला तीन महिने. "आणि बॉम्बच असला तर?" मी विचारलं. तो म्हणाला, "तर सोपं आहे. हत्याराचा परवाना घ्या. आजच मिळेल."

आम्ही परवाना घेतला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, 'बॉम्ब, तांब्याचा, नग एक, तोटीसह.' रफिकभाईंनी तो चौकटीत बसवून दुकानात लावला. पलीकडच्या गल्लीतले लोक मुद्दाम बघायला येत आणि जाताना अदबीने सलाम करून जात. मुनीरचा रिस्पेक्टचा मुद्दा पटायला लागला होता.

परवान्याच्या मागे अटी होत्या. वस्तूत किंवा वस्तूजवळ अग्नी पेटवू नये. वस्तू तीन कुलुपांत ठेवावी, चाव्या तीन जबाबदार व्यक्तींकडे असाव्यात. लेखी परवानगीशिवाय हलवू नये. वस्तूवर सशस्त्र पहारा असावा. शेवटची अट वाचून मुनीरच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवड्याच्या आत दुनळी बंदूक आली.

बंब ठेवायचा कुठे, हा प्रश्न होता. मरियमबीचं नवं घर गल्लीच्या मधोमध होतं आणि ती दिवसभर घरीच असे, म्हणून तिच्या अंगणात झावळ्यांचा मांडव घालून त्याखाली ठेवला.

"निदान पाणी तरी भरून ठेवा त्यात," ती म्हणाली. "सकाळी हात आखडतात, सुईत दोरा जात नाही. आणि कधी आग लागली तर पाणी हाताशी राहील."

"खाला, अग्नीला मनाई आहे," मी म्हणालो.

"अरे बाबा, थंड पाणी भर. थंड पाण्याला पण मनाई आहे का?"

नव्हती. मी अटी दोनदा वाचल्या. पाणी भरायचं नक्की झालं होतं, तेवढ्यात काडतुसांचा प्रश्न उभा राहिला. शंभर काडतुसं, खाडीची दमट हवा, आणि बरस्तीच्या दाराला ना फळी ना कडी. गल्लीत कोरडी, धातूची, तीन कुलुपं असलेली वस्तू एकच होती. काडतुसं बंबात गेली. त्यामुळे पाणी भरता येईना.

मरियमबीने पुन्हा डब्यांची आठवण केली. मी सांगितलं, विषय विचाराधीन आहे.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी, भर दुपारी, पुरुषमंडळी जुम्म्याच्या नमाजाला गेली असताना मरियमबीच्या शेजारच्या छपराने पेट घेतला. पहाऱ्यावर मुनीर होता. समितीच्या नियमावलीच्या कलम चारप्रमाणे सूचना द्यायला त्याने बंदूक आकाशाकडे धरून चाप ओढला. काहीच झालं नाही, कारण काडतुसं बंबात होती, आणि बंबाच्या तीन चाव्यांपैकी दोन मशिदीत, रफिकभाईंच्या आणि माझ्या खिशात होत्या. शेवटी त्याने तोंडानेच "ठो" केलं. कुणी ऐकलं नाही.

बायका मात्र धुरानेच जाग्या झाल्या होत्या. मरियमबीने पदर खोचला आणि जहांआरा, कुबरा अशा सात-आठ जणींना रांगेत उभं केलं. परातीने, सुपाने, ओंजळीने वाळू. विहिरीचं पाणी मिळेल त्या भांड्यातून. पाऊण भाग आग विझली होती. हे मी माझ्या मनाने सांगत नाही, मुनीरनेच जबाबात सांगितलं आहे.

"मुनीर, हा बंब बाजूला ओढ," मरियमबी ओरडली, "मांडवावर ठिणग्या पडतायत."

"खाला, लेखी परवानगीशिवाय हलवता येत नाही," मुनीर म्हणाला. त्याने नियम मोडला नाही, एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

मांडव पेटला. तांबं लवकर तापतं, गावच्या तांबटांनी काम चोख केलं होतं. धूर पाहून आम्ही मशिदीतून धावत गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि बंब उडाला. आधी झाकण, मग तोटी, मग एकेक करून शंभर काडतुसं. बायका जीव घेऊन पळाल्या. वारा सुटला होता, मरियमबीच्या घराने पेट घेतला. कुणाचा जीव गेला नाही, अल्हमदुलिल्ला. पण मरियमबी मशीन आणायला आत शिरत होती तिला कुबराने केसाला धरून मागे ओढलं, आणि मशीन आत राहिली.

संध्याकाळी ती राखेत बसली होती. मांडीवर मशीनचं काळं पडलेलं चाक होतं आणि ती ते उगाच फिरवत होती. मला पाहून ती एवढंच म्हणाली, "हमदुल्ला, डबे मी घासून ठेवले होते रे. नुसते ठेवायचेच होते." मला लाज वाटली. फार लाज वाटली. पण अहवालाच्या नमुन्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

अहवालात मी लिहिलं, वस्तूची नोंद बॉम्ब म्हणून झाली होती आणि वस्तूने त्याप्रमाणे समाधानकारक काम केले. परवाना, पहारा आणि चाव्या यांत कसूर आढळली नाही. निष्काळजीपणा एकाच बाबतीत आढळला, मरियमबी यांनी परवानाधारक बॉम्बशेजारी घर केले होते. समितीने अहवाल एकमताने मंजूर केला आणि नव्या बंबासाठी तार करायचं ठरवलं. या वेळी 'आगीचा' हा शब्द घालायचा की नाही, यावर उपसमिती नेमली आहे.

मरियमबी आता हाताने बटणं लावते. मजुरी कमी मिळते, पण बटणाला मशीन लागत नाही. तिने कुणालाही न विचारता आठ दारांत आठ डबे ठेवले. माझ्या दारातही एक आहे, वाळूचा. सिगारेट विझवायला बरा पडतो.

तुम्ही हसताय. हसा. तुमच्या हपिसात जिन्यापाशी लाल बादल्या टांगल्या असतील, त्यांवर पांढऱ्या अक्षरात 'आग' लिहिलेलं असेल. त्यांत वाळू किती आहे आणि पानाच्या पिंका किती, ते एकदा वाकून पाहून या. त्यातली एखादी पिंक ओळखीची वाटली, तर मला कळवा. समितीत एक जागा रिकामी आहे.