तळ्यातला फेस कोणाचा

पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे कुणीही मला विचारावं. मानिसालेस शहरातल्या आमच्या विद्यापीठात मी रसायनशास्त्र शिकवतो, आणि आवारातलं जलप्रदूषण रोखणाऱ्या समितीचा अध्यक्षही मीच आहे. समितीत यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, तो भाग वेगळा. त्यामुळे आमच्या तळ्यावर पांढरा फेस तरंगायला लागला, तेव्हा मी खुर्चीवरून न उठता गुन्हेगार सांगून टाकला. विद्यापीठाचं उपाहारगृह.

पंचाईत एवढीच, की ते चालवतात नोहेलियाताई. माझ्या बायकोची, मार्लेनीची, थोरली बहीण.

"माझ्या भांड्यांच्या पाण्याचा फेस?" ताई पातेलं घासता घासता म्हणाल्या. "आणि तुझ्या प्रयोगशाळेत बाटल्या काय गुलाबपाण्यानं धुतात?"

प्रकरण कुलगुरूंपर्यंत गेलं. डॉक्टर ग्रिसालेस बाई कमी बोलतात, पण बोलल्या की माणूस उभ्याउभ्या गार पडतो. "सोमवारी पर्यावरण खात्याची माणसं येणार आहेत. त्याआधी ज्याचं पाणी तळ्यात जातंय असं दिसेल, त्याच्या दाराला कुलूप. पाइप नवा होईपर्यंत."

ताईंचा चेहरा उतरला. उपाहारगृह बंद म्हणजे त्यांच्या हाताखालच्या सगळ्या बायका घरी. माझाही उतरला, कारण प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर होत्या. पण मला खात्री होती. दोन्ही इमारती टेकडीवर शेजारीशेजारी, तळं खाली, तळ्यात उघडणारं पाइपाचं तोंड एकच, आणि जमिनीखाली कुठला पाइप कुठे वळतो हे आज हयात असलेल्या कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी एक निरुपद्रवी हिरवा रंग मिळतो. तो सिंकमध्ये ओतायचा आणि बाहेर कुठे निघतो ते बघत बसायचं.

शुक्रवारी जेवणाच्या गर्दीत मी हात धुवायच्या निमित्तानं ताईंच्या स्वयंपाकघरात शिरलो, बाटलीभर रंग सिंकमध्ये रिकामा केला आणि शर्टाला हात पुसत तळ्याकडे पळालो. माझे विद्यार्थी तिथे जमलेलेच होते.

"आता पाइपाच्या तोंडातून हिरवं पाणी येईल," मी म्हणालो. "नीट बघा. याला म्हणतात पुरावा."

पाणी आलं. लालभडक.

"सर, हिरवं म्हणाला होतात ना?" एका मुलीनं विचारलं.

मी माझी बोटं पाहिली. हिरवी होती. शर्ट पाहिला. तोही हिरवा. पाणी मात्र लाल. तळ्याच्या त्या कोपऱ्यात कुणी तरी बोकड कापल्यासारखं दिसत होतं. मला काहीएक कळेना. पण प्राध्यापकाला 'कळेना' म्हणायची सवय नसते, आणि मुलांनी फोन काढून माझं चित्रीकरण सुरू केलं होतं.

"उत्तम," मी म्हणालो. "रंग बदलला. का बदलला? उपाहारगृहाच्या पाण्यात लिंबू आहे, व्हिनेगर आहे, खवट तेल आहे. या सगळ्यानं हिरव्याचा लाल झाला. यावरून ते पाणी किती घाण असेल, तुम्हीच ठरवा."

कुलगुरू बाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या, मला समजलंच नाही. "म्हणजे उपाहारगृहच?"

"शंभर टक्के."

तेवढ्यात टेकडीवरून ताई उतरताना दिसल्या. कमरेला एप्रन, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत लाल.

"ताई, काय लागलं?"

"बीट," ताई म्हणाल्या. "घरातलं होतं नव्हतं ते सगळं बीट उकळलं आणि पातेलं तुझ्या प्रयोगशाळेच्या सिंकमध्ये ओतून आले. दार उघडंच होतं. तू माझ्याकडे हात धुवायला आला होतास म्हणे."



"आणि ते लिंबू-व्हिनेगर?" कुलगुरू बाईंनी विचारलं.

"तो एक अंदाज होता."

"आता बोल," ताई म्हणाल्या. "माझं पाणी कुठे दिसतंय तुला इथे?"

खरंच दिसत नव्हतं. मला त्यांच्या हाताखालच्या बायका आठवल्या, आणि आतून फार वाईट वाटलं. "चुकलो, ताई," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "तुमच्यावर उगाच आळ घेतला." ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी लाल हातानं माझ्या हिरव्या शर्टावर थोपटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच पाइपाच्या तोंडाशी पोहणारं एक बदक वळलं. पोटाखाली हिरवंगार. त्याच्यामागून पाण्याचा हिरवा लोट. उपाहारगृहाचं पाणी आधी तेल अडवणाऱ्या टाकीत साचतं, म्हणून त्याला उशीर झाला होता.

"हे काय आता?" ताई म्हणाल्या. "हे मी नाही ओतलं."

"मी ओतलं."

"कुठे?"

"तुमच्या सिंकमध्ये."

"मला न विचारता?"

"तुम्ही मला विचारलं होतंत?"

कुलगुरू बाईंनी आधी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बदकाकडे. "दोन्ही दारं बंद," असं म्हणून त्या निघून गेल्या.

पुढचे काही दिवस ताईंच्या घराच्या अंगणात चुली पेटल्या. सगळ्या बायका तिथेच आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजायच्या आणि टोपल्या विद्यापीठाच्या फाटकाशी जायच्या. मला प्रयोगशाळाच नव्हती, म्हणून मी केळ्याचे काप तळायला बसलो. "पालथा घाल, जळतोय," ताई ओरडायच्या. "रसायनशास्त्र म्हणे."

मग एकदाचे दोन्ही पाइप एकाच दिवशी तळ्यापासून तोडून सांडपाण्याच्या वाहिनीला जोडले गेले. दारं उघडली, परीक्षा झाल्या. बदकं पांढरी झाली आणि फेस पार नाहीसा झाला.

त्या रविवारी सासूबाईंकडे सगळे जेवायला बसलो होतो. माझ्या ताटात घेवडा वाढता वाढता सासूबाईंनी सहज विचारलं, "मग तो फेस शेवटी होता तरी कोणाचा?"

मी तोंड उघडलं. ताईंनीही उघडलं. मग दोघांनी मिटलं.

दोन्ही पाइप एकाच दिवशी तोडले होते. आता फेस कोणाचा, हे जगातला कुठलाही रसायनशास्त्रज्ञ सांगू शकत नाही.

"भात घेणार?" मार्लेनीनं घाईघाईनं विचारलं.

मी घेतला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना अगदी पहिल्या तासाला शिकवतो.