सबनीसकाकूंचं पायडल

सबनीसकाकू कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की पाणी घेण्याआधी विचारतात, "मिक्सरबरोबर ज्यूसरचं भांडं आलं होतं, ते कुठंय?" मला विचारलं तेव्हा मी मोहालीत नवी होते. सांगलीला, माळ्यावर, खोक्यात, असं मी कबूल केलं. काकूंना कोण आनंद झाला! "पक्का! सगळ्यांचं तिथंच असतं," म्हणाल्या आणि मग पाणी प्यायल्या.

काकू मूळच्या इचलकरंजीच्या. राहतात माझ्या खालच्या मजल्यावर. इंडस्ट्रियल एरियात त्यांचा प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवायचा छोटा कारखाना आहे. काका गेल्यावर तो एकटीनं चालवला. मिस्त्रींशी पंजाबीत भांडतात, देवाशी मराठीत.

एकदा त्यांच्याकडे दोन तरुण आले. टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र असतं ना, त्याला लावायचं एक स्टिअरिंग त्यांनी डिझाइन केलं होतं. साचे हवे होते. काकूंनी आधी ज्यूसरची चौकशी केली; दोघांचीही भांडी माळ्यावर. मग समजावलं, "बरोबर आलेलं भांडंही माळ्यावर जातं, वेगळे पैसे देऊन कोण घेतं? यंत्र घेणाऱ्या शंभरातले चार जण ही वस्तू घेणार. चौघांसाठी वेगळा गेम कोण काढणार जी? आणि गेमच नाही म्हटल्यावर पाचवा कशाला घेईल? यंत्राच्या खोक्यातच घालून मिळणार असेल तर बघा, नाहीतर नाद सोडा." पोरं बिचारी चहा पिऊन गेली. चालून आलेलं काम असं घालवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

तसलं यंत्र माझ्याकडेही होतं. दर रविवारी मी त्यावर सांगलीतल्या दादाशी मोटारींची शर्यत खेळायची. दादा फोनवर "हं, बरंय"च्या पुढे जात नाही, आई गेल्यापासून तर तेवढंही नाही. पण कानाला हेडफोन लावून गाडी पळवताना भडाभडा बोलतो. त्याला झोप लागत नाही, हे मला तिथंच कळलं.

आणि माझी स्कूटी घसरली. डावा हात मोडला. प्लास्टर निघालं तरी ब्रेकच्या बटणावरचं बोट काही दाबलं जाईना. डॉक्टर म्हणाले, जोर येईल किंवा येणारही नाही. दादाला काळजी नको म्हणून ऑफिसचं काम वाढलंय असं सांगितलं. तो "बरंय" म्हणाला. मग चार रविवार त्याचा आवाजच नाही. हे काकूंना सांगताना मला रडू आलं. काकूंनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. माझा खेळायचा रिमोट पिशवीत घातला आणि चालू पडल्या.

पंधरा दिवसांनी रिमोट परत आला तो पोटातून वायर काढलेला. वायरीच्या टोकाला ब्रेकचं पायडल. मिस्त्रींकडून ते तीनदा मोडून नव्यानं करून घेतलं म्हणे, माझ्या पावलाला मोठं होत होतं म्हणून. त्याच पिशवीतून माझी पंधरा दिवस हरवलेली एक चप्पलही निघाली.

मी चिडवलं, असल्या वस्तू चालत नाहीत ना काकू?

"नाहीच चालत. बाजारात एक खपायचं नाही. तू पाय ठेव."

त्या रविवारी पहिल्या तिन्ही वळणांवर मी गाडी आपटली. दादा हसला. मग म्हणाला, "बरं झालं आलीस. रविवार जाता जात नव्हता गं." तेव्हा मी हाताचं सगळं सांगून टाकलं. तो भरपूर रागावला आणि नंतर दोन तास बोलत राहिला.

काकू तेवढा वेळ माझ्या पायाकडे बघत खुर्चीत बसून होत्या. त्यांचे उपकार कसे फेडावेत मला आजही कळत नाही. तेव्हा नुसता त्यांचा हात धरला. तो सोडवून घेत म्हणाल्या, स्प्रिंग नवी आहे, पुढच्या रविवारीही बघायला लागेल.

दारात मात्र थांबल्या. "तुझ्या दादाचं बोलणं मला ऐकू येईल का गं? आमचे हे रविवारी असेच बोलत बसायचे, आणि मला कारखान्याची घाई असायची."

मी त्याच आठवड्यात दुसरा हेडफोन आणला.