आप्पारावांची मिशी

विद्यापीठाच्या फाटकावर उत्तरेश्वर गुरुजींना अडवलं, ते त्यांच्या काखेतल्या गोधडीमुळे.

"उपोषणाला बसायचं आसंल तर बाहेर लिंबाखाली बसा," पहारेकरी म्हणाला. "आत परवानगी न्हाई."

"उपोषण न्हाई बाबा. जुन्या दफ्तरखान्यात जायचंय. आईचा फोटो बघायला."

"मग गोधडी कावून आणली?"

"आईला ओळखायला."

पहारेकऱ्याने गुरुजींना एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. डोक्याला ऊन लागलेल्या माणसाशी वाद नको, असं ठरवून त्याने फाटक उघडलं.

गुरुजी बोलले त्यात खोटं काही नव्हतं. दिंद्रुडच्या बाजूला त्यांचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात तिथे पाझर तलावाचं काम निघालं, आणि त्यांची आई, भिवराबाई, त्या कामावर खडी फोडायला जायची. मजुरांना तिथे खायला सुकडीचं पांढुरकं पीठ मिळायचं. दुष्काळ सरला आणि पुढच्याच वर्षी ती तापाने गेली. गुरुजी तेव्हा अंगणात खेळायच्या वयाचे. तिचा चेहरा त्यांना काही केल्या आठवत नसे, आणि फोटो म्हणाल तर घरात देवाचासुद्धा एकच होता. राहिलं होतं ते तिचं लुगडं. आत्याने त्याची गोधडी शिवली. लुगड्याला पदराशी चौकड्याच्या कापडाचं ठिगळ होतं. ते गालाखाली आल्याशिवाय लहानग्या उत्तरेश्वराला झोप लागायची नाही. पुढे मास्तर झाल्यावर त्यांनी दरवर्षी पोरांना 'माझी आई' हा निबंध घातला. पण तो लिहायला त्यांना स्वतःलाच बसवलं असतं, तर पहिलं वाक्यसुद्धा जमलं नसतं.

तलाव बांधणारी मजूर सहकारी संस्था कधीच बुडाली होती. तिच्या कागदांची पेटी विद्यापीठात पोचली आहे आणि तिच्यात सभासद बायांचे फोटो आहेत, असं एका जुन्या विद्यार्थ्याने कळवलं, तशी गुरुजींनी सकाळची पहिली एसटी गाठली होती.

दफ्तरखान्यातल्या मॅडमनी टेबलावर फोटो मांडले. "मागची नावं वाळवीनं खाल्लीत, गुरुजी. ओळखाल कसं?"

गुरुजींनी गोधडी उलगडली. मग एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघू लागले. एका फोटोशी त्यांचा हात थबकला. उंच, तरतरीत नाकाची बाई. पदराला चौकड्याचं ठिगळ.

"आई," गुरुजी म्हणाले आणि खुर्चीत बसले. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला. चांगल्या होत्या त्या. मग दबकत म्हणाल्या, "गुरुजी, हा दुसरा फोटो बघता का? ठिगळ यातही आहे."

दुसऱ्या फोटोत गोल चेहऱ्याची, ठेंगणी बाई होती. ठिगळ तेच. तिसऱ्यात तिरळी बाई, ठिगळ तेच. शेवटी टेबलावर एकाच लुगड्यातल्या सहा बाया बसल्या.

"रागावू नका," मॅडम म्हणाल्या, "पण तुम्हाला आया नक्की किती?"

गुरुजी सहाही फोटोंच्या प्रती घेऊन घरी आले आणि त्यांनी त्या फडताळावर ओळीने मांडल्या. त्यांच्या पत्नीने, सत्यभामाबाईंनी, कपाळावर हात मारला. "सासू न्हाई म्हणून माझ्या बापानं या घरात दिलती मला! आन् आता म्हातारपणी सहा सासवा?"

पण संध्याकाळी त्यांनीच सहाही फोटोंना न चुकता हळदीकुंकू लावलं. गुरुजी मात्र एकेकीसमोर जाऊन उभे राहत, आणि यातली कोण बरं आपल्याला हाक मारील, याची वाट बघत.

कोणीच हाक मारली नाही, तेव्हा त्यांनी फोटो गावच्या सोसायटीत नेले. तिथे चेअरमन बंकट बसला होता. त्याच्या डोक्यावर भिंतीला त्याच्या वडिलांचा, आप्पारावांचा, हार घातलेला फोटो होता. आप्पाराव त्या मजूर संस्थेचे चेअरमन. फोटोही तलावाच्या कामावरच काढलेला. मिशी काळीभोर, फक्त डावं टोक पांढरं. "गावाच्या काळजीनं एका दिवसात पिकली दादाची मिशी," असं बंकट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा; वडिलांना तो दादा म्हणायचा.

फोटो बघायला निम्मा गाव लोटला. झालं भलतंच. उंच, तरतरीत नाकाची बाई प्रत्येकाचीच आई निघाली. तिरळीला कोणी वाली उरला नाही.

"ही माझी माय हाय," पंडित म्हणाला.

"तुझी माय? तुझं नाक बघ बे आरशात!" रामकिसन म्हणाला.

"नाक बापाचं हाय माझं!"

बंकटने टेबलावर हात आपटला. "भांडू नका. कोरम पुरा हाय. ही बाई गुरुजींची आई, असा ठराव मांडतो. अनुमोदन कोण देतंय? हात वर करा."

"अरे, आई काय बहुमतानं ठरवतेत का?" गुरुजी कळवळून म्हणाले.

"मग काय बिनविरोध पाहिजे?"

शेवटी सत्यभामाबाईंनाच सुचलं. त्या कामावरची सारजाबाई अजून होती. पालीला लेकीकडे राहत होती. दुसऱ्या दिवशी तिला गाडी करून सोसायटीत आणली. म्हातारीने फोटो हातात घेतले आणि बोळकं पसरून हसायलाच लागली.

"ही उंच चंद्रभागा. ही बायना. ही तिरळी, ती मी."

"आन् आई?" गुरुजींनी पुढे वाकून विचारलं. "भिवराबाई कोणती?"

"भिवराचा फोटो न्हाई रे बाळा." म्हातारीने गोधडीवरून हात फिरवला. "समद्यांची लुगडी फाटून चिंध्या झालती. धडकं हे एकच, तुझ्या मायचं. ती म्हणली, माझं काय, माझंच लुगडं हाय, आदी तुमी काढून घ्या. खडीच्या ढिगामागं बसली आमची फाटकी गुंडाळून. आमी एकेक जाऊन तिचं लुगडं नेसायचो, फोटो काढायचो. तिची पाळी आली तर रीळ संपलेलं. चेअरमननी, आप्पारावनी, पयलेच स्वतःचे लई काढलते."

गुरुजींनी गोधडी हळूहळू घडी करायला घेतली. घडी करता करता त्यांची नजर पुन्हा फोटोंवर गेली. सहाही बाया ओठ दाबून हसत होत्या. सहाही जणी एकाच बाजूला बघत होत्या.

"सारजामावशी, दुष्काळात हसू कसलं आलतं तुमाला?"

म्हातारीने बंकटकडे चोरून पाहिलं आणि गुरुजींचा कान जवळ ओढला. "तुझी माय हसवायची की! ढिगामागनं दर बाईला म्हणायची, 'अगं, चेअरमनच्या मिशीकडं बघ. आपली सुकडी चोरून खाल्लीया, आन् डाव्या टोकाला लागलीया!'"

गुरुजींनी मान वर केली. बंकटच्या डोक्यावरच्या फोटोशी गेले, चष्मा पुसला, काचेला नाक लागेपर्यंत वाकले. मग त्यांचे खांदे हलू लागले. डोळ्यांतून पाणी आलं. ते तसेच हात जोडून उभे राहिले.

बंकटनेही उठून फोटोला हात जोडले. "बगा रे," तो लोकांना म्हणाला, "दादाच्या उपकाराची जाण गुरुजींनाच हाय."

निबंधाचं पहिलं वाक्य गुरुजींना आत्ता कुठे सुचलं होतं: माझी आई फार वात्रट होती.